स्टिक हातात बसताना

१९३५ साली बॉस्टनचे ड्रमशिक्षक जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांनी ‘स्टिक कंट्रोल’ हे पुस्तक छापलं. नव्वद वर्षं उलटली तरी जगभरातल्या ड्रमवाल्यांच्या स्टँडवर ते आजही असतं. त्याचं पहिलं पान उघडलं की नवख्या माणसाची निराशाच होते. ना गाणं, ना ठेका, ना चित्र. ठोक्यांच्या खुणा आणि त्यांच्याखाली दोनच अक्षरं: ‘आर’ म्हणजे उजवा हात, ‘एल’ म्हणजे डावा. उजवा-डावा-उजवा-डावा. मग दोन उजवे, दोन डावे. मग उजवा-डावा-उजवा-उजवा आणि लगेच त्याचं उलट. एकेक ओळ न थांबता वीस वेळा वाजवायची. इतक्या रुक्ष पानाने जेवढे हात घडवले, तेवढे फार थोड्या पुस्तकांनी घडवले असतील.

पण हे पान एक गोष्ट गृहीत धरतं: वाजवणाऱ्याच्या हातात स्टिक नीट बसलेली आहे. ती बसलेली नसेल तर वीस काय, दोनशे वेळा वाजवूनही हात तयार होत नाही. चूक तेवढी पक्की होते. पुढची पानं त्या आधीच्या पायरीसाठी आहेत. स्टिक कुठे धरायची, कोणत्या बोटांनी, किती घट्ट, किती सैल आणि मुख्य म्हणजे का, एवढाच त्यांचा विषय. तो दिसतो तितका छोटा नाही, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

ड्रमच्या क्लासला आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी आवाज हवा असतो, आणि ते रास्तच आहे. समोर पाच ड्रम आणि दोन-तीन झांजा चकाकत असताना रबरी पॅडवर ठोके मोजत बसायला कोणाला आवडेल? आईवडिलांनाही महिन्याभरात एखादं गाणं ऐकायचं असतं. मुंबई-पुण्यात ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या ग्रेड परीक्षा देणारी मुलं असतात. त्यांना ठरलेले तुकडे बसवायचे असतात आणि तारीख जवळ येत असते. या घाईत ग्रिपच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. ‘अशी धर’ म्हणून शिक्षक दाखवतात, मूल तशी धरतं, आणि पहिला ठोका पडताच बोटं पुन्हा मुठीत वळतात. सुरुवातीचे काही महिने त्याने काही बिघडत नाही. साधा रॉकचा ठेका मुठीनेही वाजतो. अडतं ते पुढे. लय वाढली की हात कोपरापासून मनगटापर्यंत भरून येतो, हळू वाजवायला गेलं तर आवाज उमटत नाही, आणि डावा हात उजव्याच्या मागे फरपटत राहतो.

तबल्याच्या वर्गात हे सहसा चालत नाही. तिथे आधी हाताची ठेवण पाहिली जाते. बोलांचा निकास स्वच्छ झाल्याशिवाय चांगला गुरू कायद्याकडे वळत नाही. ड्रमच्या वर्गाने ही शिस्त मनापासून उचलावी.

आता स्टिककडे नीट पाहू. नवशिक्याच्या हाती बहुधा ५ए मापाची, हिकरी लाकडाची जोडी येते. एकेक स्टिक साधारण १६ इंच लांब, अर्ध्या इंचाहून किंचित जाड आणि ५०-६० ग्रॅम वजनाची. पुढच्या टोकाला निमुळता होत गेलेला दांडा आणि त्यावर छोटी टिप. मागचं जाड टोक म्हणजे बट. शाळेच्या विज्ञानातली तरफ ती हीच. तिला एक टेकू लागतो आणि तो टेकू म्हणजे अंगठा आणि त्याच्यासमोरचं बोट. ड्रमवाले त्याला फुलक्रम म्हणतात. बटपासून मोजलं तर साधारण एक तृतीयांश लांबीवर ही जागा येते, पण पट्टी लावून ती शोधायची नसते. ती कानाने शोधायची.

त्याची रीत अशी. स्टिक अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये हलकेच धरायची, बाकीची तीन बोटं बाजूला ठेवायची. टिप पॅडच्या वर वीतभर उचलायची आणि सोडून द्यायची. स्टिक हातातून सुटू द्यायची नाही, पण तिला अडवायचंही नाही. टक, टक, टक-टक-टकटक असं करत ती आपोआप थांबते. किती वेळा वाजली ते ऐकायचं. मग चिमूट बटकडे सरकवून पुन्हा सोडायची. आता टिप जड पडते आणि दोन-तीन उड्यांतच मरते. चिमूट फार पुढे नेली तरी उसळी खुंटते, कारण मागचं वजन टिपेला खाली येऊ देत नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक जागा अशी सापडते जिथे स्टिक सगळ्यात जास्त वेळा, सगळ्यात मोकळी उसळते. ती ज्याची त्याची जागा. हाताच्या मापाप्रमाणे, स्टिकच्या जाडीप्रमाणे ती बोटभर इकडेतिकडे असते. जागा सापडली की पेन्सिलीने तिथे बारीक रेघ ओढून ठेवावी. पहिल्या काही आठवड्यांत चिमूट नकळत मागे सरकते तेव्हा ती रेघ लगेच दाखवून देते.

या जागी हात जवळून पाहिला तर काय दिसायला हवं? स्टिक तर्जनीच्या टोकाकडून पहिल्या सांध्यापाशी आडवी टेकलेली आहे. अंगठ्याचा मऊ भाग दुसऱ्या बाजूने तिच्यावर सपाट बसला आहे, त्याचं टोक वर उचललेलं नाही की आत वाकलेलं नाही. तर्जनी स्टिकवर लांब पसरून टिपेकडे बोट दाखवत नाही. ती वळून स्टिकला कवेत घेते. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी स्टिकला नुसती लागून आहेत. बटचा भाग तळहातात रुतलेला नाही. करंगळीच्या बाजूच्या मांसल भागापाशी तो मोकळा बाहेर पडतो. नखं पांढरी पडलेली नाहीत. नखं पांढरी पडली म्हणजे दाब जास्त झाला, इतका सोपा हिशेब आहे.

काही शिक्षक टेकू तर्जनीऐवजी मधल्या बोटाशी घ्यायला सांगतात. मधलं बोट पंज्याच्या मध्यावर असल्याने स्टिक जास्त तोलात राहते, असं त्यांचं म्हणणं असतं आणि त्यात तथ्य आहे. तर्जनीने हलकं आणि नाजूक काम चांगलं होतं, मधल्या बोटाने जोराचं. पट्टीचे वादक दोन्हींत सहज ये-जा करतात. नवशिक्याने एक धरून ठेवावं आणि ते पक्कं झाल्यावर दुसरं पाहावं.

मागच्या तीन बोटांबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण ग्रिप बिघडते ती इथेच. चिमूट नीट जमली की मुलं एक तर ही बोटं हवेत सोडून देतात, किंवा भीतीने सगळी आवळून टाकतात. हवेत सोडली की स्टिक डावीउजवीकडे भरकटते. आवळली की ठोका पडल्यावर स्टिकला परत यायला वाटच राहत नाही. टिप ड्रमच्या कातड्यावर दाबली जाते आणि आवाज बसका येतो. या बोटांचं खरं काम लहान मुलाच्या चेंडूच्या टप्प्यांसारखं आहे. चेंडू जमिनीवरून स्वतः वर येतो, हात त्याला वरच्या वर भेटतो आणि पुन्हा खाली धाडतो; कोणी चेंडू मुठीत पकडून जमिनीवर आपटत नाही. ताणलेलं कातडं स्टिकला वर फेकतंच. बोटांनी तिच्याबरोबर उघडायचं आणि मग हलकेच मिटायचं.

हे नुसतं सौंदर्यशास्त्र नाही, त्यामागे गणित आहे. मिनिटाला १२० ठोक्यांची लय म्हणजे काही फार वेगवान नव्हे. त्यात एका ठोक्याचे चार भाग केले तर सेकंदाला आठ ठोके होतात, म्हणजे एका हाताला चार. एवढं अजून मनगटाने भागतं. पण २०१३ साली कॅनडाच्या टॉम ग्रॉसेट यांनी वेगाच्या स्पर्धेत ६० सेकंदांत १,२०८ ठोके वाजवले. सेकंदाला वीस, एका हाताला दहा. सेकंदात दहा वेळा स्टिक उचलायची आणि दहा वेळा आपटायची, असं वेगवेगळं काम कोणत्याही स्नायूला झेपणारं नाही. तिथे उचलण्याचं काम कातडं करतं, हात फक्त त्याच्या आड येत नाही. वेगाच्या स्पर्धा म्हणजे संगीत नव्हे, हे खरंच. पण दोन-दोन ठोक्यांचा साधा डबल स्ट्रोक रोल याच तत्त्वावर चालतो. मनगट एकदा हलतं, स्टिक दोनदा वाजते. दुसरा ठोका उसळीतून मिळतो आणि बोटं त्याला पहिल्याइतकं बळ देतात. ज्याची मूठ आवळलेली, त्याच्या हातून हा दुसरा ठोका कधीच स्पष्ट येत नाही.

दोन्ही हातांनी स्टिक सारखीच धरली की तिला मॅच्ड ग्रिप म्हणतात आणि तिचे तीन प्रकार प्रसिद्ध आहेत. जर्मन ग्रिपमध्ये तळहात जमिनीकडे असतात, कोपर किंचित बाहेर आणि दोन स्टिक्समध्ये जवळजवळ काटकोन. इथे काम मनगटाचं, आवाज भरीव. फ्रेंच ग्रिपमध्ये तळहात एकमेकांकडे, अंगठे वर, स्टिक्स जवळपास समांतर. इथे बोटं राबतात, म्हणून राइड सिंबलवर जलद आणि हलकं वाजवणाऱ्यांना ती प्रिय. अमेरिकन ग्रिप या दोन्हींच्या मधली. बहुतेक शिक्षक नवशिक्याला तीच देतात आणि ते बरोबर आहे, कारण तीत मनगट आणि बोटं दोघांनाही काम मिळतं. ही तीन नावं म्हणजे तीन घराणी नव्हेत. चांगल्या वादकाचा हात एकाच गाण्यात हाय-हॅटवरून राइडवर जाताना नकळत एकीतून दुसरीत फिरतो.

मग ट्रॅडिशनल ग्रिप कुठून आली? जुन्या जॅझ वादकांच्या चित्रफिती पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला हा प्रश्न पडतो. उजवा हात नेहमीसारखा, पण डावा तळहात वर वळलेला, स्टिक अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात पडलेली, पुढे अनामिकेवर टेकलेली. ठोका मनगट खाली वाकवून नव्हे तर कोपरापासूनचा हात त्याच्या आसाभोवती फिरवून पडतो.

उत्तर शोधायला परदेशी जायला नको. लग्नाच्या वरातीतला किंवा पोलीस बँडमधला साइड ड्रमवाला पाहावा. ड्रम खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवून डाव्या मांडीपाशी लटकलेला असतो आणि चालता यावं म्हणून तिरका असतो. त्याची डावी कड वर, उजवी खाली. अशा ड्रमवर डावा हात वरून न्यायचा तर कोपर खांद्याइतकं उचलावं लागेल. तळहात वर केला की हात सहज पोचतो. एवढंच कारण. युरोपात स्विस पायदळाच्या काळापासून ड्रम असाच लटकवला जाई. बाझेल शहरात त्या वादनाची परंपरा अजून जिवंत आहे आणि तिथल्या फास्नाख्त उत्सवात ती दरवर्षी रस्त्यावर उतरते. सैन्यात ड्रम हे करमणुकीचं साधन नव्हतं. उठा, जमा, चाला, थांबा हे हुकूम त्यावरून दिले जात. सगळ्यांचे ठोके एकसारखे पडावेत म्हणून हात एकसारखे हवेत. त्यातूनच रूडिमेंट्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठरावीक ठोकेबांधण्या आणि ही ग्रिप पिढ्यानुपिढ्या शिकवली गेली.

अमेरिकेत सॅनफर्ड मोलर या वादक-शिक्षकाने हा वारसा फार जिव्हाळ्याने जपला. अमेरिकेच्या यादवी युद्धात ड्रम वाजवलेले म्हातारे सैनिक त्यांनी गाठले, त्यांचे हात बारकाईने पाहिले आणि १९२५ साली आपलं पुस्तक लिहिलं. त्या म्हाताऱ्यांचा उजवा हात स्टिक मुख्यतः करंगळीच्या बाजूने धरत असे आणि ठोका चाबकासारख्या झटक्याने पडत असे: आधी कोपर उचलायचं, मग मनगट मागून येतं, शेवटी टिप. एका झटक्यातून एक जोराचा ठोका आणि मागोमाग दोन-तीन हलके ठोके जवळजवळ फुकट मिळतात. जीन क्रुपा यांनी मोलरकडे धडे घेतले. जिम चॅपिन यांनी हे तंत्र पुढच्या कित्येक पिढ्यांना हयातभर शिकवलं. त्यांचं १९४८ सालचं पुस्तक जॅझ ड्रमरला आजही टाळता येत नाही. पायदळासाठी घडलेली हालचाल अशी नाइट क्लबच्या ड्रमसेटवर येऊन बसली.

गंमत अशी की तोवर मूळ कारण संपलं होतं. १९०९ साली लुडविग बंधूंनी जलद चालणारं बास ड्रमचं पेडल आणलं, एक माणूस बसून सगळे ड्रम वाजवू लागला आणि साइड ड्रम, म्हणजेच स्नेअर, पट्ट्यावरून उतरून स्टँडवर आडवा झाला. डावा हात मात्र तसाच राहिला. कित्येक वादक सपाट ड्रम मुद्दाम उजवीकडे कलता ठेवत, म्हणजे जुन्या हाताला तो सोयीचा पडे. ऑर्केस्ट्रातले टिंपनी आणि झायलोफोन वाजवणारे पहिल्यापासून दोन्ही हात सारखे धरत आले होते. सेटवर मात्र ट्रॅडिशनल ग्रिप हीच सुशिक्षित वादकाची खूण मानली जाई.

९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात बीटल्स वाजले आणि अमेरिकेतल्या सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी ते पाहिले. उंच चौथऱ्यावर बसलेले रिंगो स्टार मूळचे डावखुरे. उजव्या हाताच्या मांडणीचा सेट ते दोन्ही हातांनी सारखीच स्टिक धरून वाजवत होते. मॅच्ड ग्रिप काही त्यांनी शोधली नाही. पण त्या रात्रीनंतर ड्रम मागणाऱ्या हजारो पोरांनी ती पाहिली आणि तशीच उचलली. रॉकमध्ये आवाज वाढत गेला तशी दोन्ही हातांना सारखं बळ देणारी ही पद्धत रूढ झाली. तरीही रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स अखेरपर्यंत डावा तळहात वर ठेवूनच वाजवत राहिले, आणि त्यांच्या ठेक्यात काही कमी होतं असं कोणी म्हणणार नाही.

वाद्य जसं समोर येतं तसा हात वळतो, याचा दाखला इथल्या वाद्यांतही आहे. ढोल-ताशा पथकातला ताशा पोटासमोर, जवळपास आडवा असतो, म्हणून वादक दोन्ही बारीक काड्या वरूनच, सारख्याच धरतो. त्याची ग्रिप मॅच्डच. ढोल आडवा लटकतो आणि त्याची तोंडं बाजूंना असतात, म्हणून एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हाताची थाप. मुंबईत जन्मलेले त्रिलोक गुर्टू, ख्यातनाम गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव, आधी तबला शिकले आणि पुढे ड्रमसेट जमिनीवर उतरवून, अर्धवट गुडघ्यावर बसून वाजवू लागले. स्टुलावर बसणाऱ्याची हाताची ठेवण त्यांना जशीच्या तशी कशी चालेल? पथकात ताशा वाजवलेलं मूल ड्रमच्या क्लासला आलं तर त्याची बोटं आणि मनगट आधीच बरीच मोकळी असतात. शिक्षकाने ते ओळखावं आणि पाटी कोरी धरून सुरुवात करू नये. त्याला फक्त जाड, जड स्टिकचा तोल नव्याने शोधायचा असतो.

हे सगळं पाहिल्यावर नवशिक्याने काय करावं याबद्दल फारशी शंका उरत नाही. मॅच्ड ग्रिपने सुरुवात करावी. दोन्ही हात एकच हालचाल शिकतात, एकाची चूक दुसऱ्याकडे पाहून सुधारता येते आणि टॉम, झांजा, स्नेअर सगळीकडे तीच पकड चालते. जॅझची ओढ लागली, बँडमध्ये साइड ड्रम गळ्यात आला, तर ट्रॅडिशनल ग्रिप जरूर शिकावी. पण ती भारदस्त दिसते म्हणून नव्हे.

ग्रिप एकदा बसली की संपलं, असंही नाही. कॅनडाच्या रश या बँडचे नील पीअर्ट हे रॉकमधलं फार मोठं नाव. १९९४ साली जॅझ ड्रमर बडी रिच यांच्या स्मरणार्थ त्यांनी एक ध्वनिमुद्रण घडवून आणलं, तेव्हा त्यात वाजवणारे ड्रमर स्टीव्ह स्मिथ यांचं वादन एकदम उंचावलेलं त्यांना जाणवलं. त्याचं कारण म्हणून फ्रेडी ग्रुबर या शिक्षकाचं नाव पुढे आलं आणि चाळिशी उलटलेले पीअर्ट त्यांच्याकडे विद्यार्थी म्हणून गेले. ग्रुबर यांचा भर ठोक्यांपेक्षा दोन ठोक्यांच्या मध्ये हात हवेत काय करतो यावर असे. पीअर्ट यांनी बसण्याची पद्धत बदलली, ट्रॅडिशनल ग्रिप धरली आणि १९९६ च्या ‘टेस्ट फॉर एको’ या अल्बमवर तशीच वाजवली. जगभर नाव झालेल्या माणसाने पुन्हा पॅडसमोर बसून रोजचा रियाझ करावा, यापेक्षा मोठं शिक्षण नवशिक्याला कोण देणार?

स्टोन यांचा एक शिष्य इथे आठवायलाच हवा. जो मोरेलो यांची दृष्टी लहानपणापासून अधू होती. ते आधी व्हायोलिन शिकले आणि पौगंडावस्थेत ड्रमकडे वळले. स्टोन यांच्या त्याच रुक्ष ओळींत त्यांनी आपल्या मनाने जोराचे ठोके पेरले. ते ऐकून गुरूला पुढचं पुस्तक सुचलं, ‘अ‍ॅक्सेंट्स अँड रिबाउंड्स’. डेव्ह ब्रूबेक यांच्या चौकडीत ‘टेक फाइव्ह’ वाजवताना मोरेलो यांची डाव्या हाताची बोटं स्टिकला जेवढी मोकळी खेळवतात, तेवढी क्वचितच कोणाची दिसतील. ही चौकडी १९५८ साली भारतातही आली होती आणि मुंबईत वाजली होती. त्या दौऱ्यानंतरच्या ‘कलकत्ता ब्लूज’मध्ये मोरेलो यांनी स्टिक्स बाजूला ठेवून ड्रम हातांनी वाजवले. त्या काळच्या मुंबईत पाश्चात्त्य तालवाद्यं जाणणारे कान होते. हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत गोव्याच्या वादकांचा भरणा होता. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बुजी या पारशी कुटुंबाने हिंदी चित्रपटसंगीताचा ताल कित्येक वर्षं सांभाळला. जुन्या गाण्यांत ब्रशचा आणि हाय-हॅटचा जो हलका हात ऐकू येतो, तो मूठ सैल सोडता येणाऱ्या माणसांचा आहे.

दुखण्याबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात किंवा कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर ते ‘सरावाचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नये. नव्या हाताला चिमटीच्या जागी थोडा घट्टा पडणं स्वाभाविक आहे. तर्जनीच्या कडेला पाण्याचे फोड पुन्हापुन्हा येणं हे मात्र स्टिक आवळली जात असल्याचं लक्षण. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ई स्ट्रीट बँडचे मॅक्स वाइनबर्ग यांना स्नायुबंधांच्या दाहाने पछाडलं होतं. हातांवर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. त्यांनी मोरेलो यांच्याकडे जाऊन आपली पद्धत बदलली आणि तीन-तीन तासांचे कार्यक्रम पुढेही वाजवत राहिले. बोटांना मुंग्या येत असतील, सकाळी हात बधिर होत असेल, तर आधी डॉक्टर आणि मगच क्लास.

थोडं सामानाविषयी. फार लहान किंवा बारीक हाताच्या मुलाला ५ए पेक्षा थोडी सडपातळ ७ए हलकी जाते. ५बी जाड आणि जड असल्याने ती पहिल्या दिवशी घेण्यात अर्थ नाही. जोडी घेताना दुकानाच्या काचेवर प्रत्येक स्टिक लोळवून पाहावी. सरळ असेल ती गुळगुळीत लोळते, वाकडी असेल ती थडथडते. दोन्ही पॅडवर हलकेच वाजवून एकच सूर देतात का तेही ऐकावं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या घरी हल्ली इलेक्ट्रॉनिक सेट असतो आणि त्याला इलाज नाही, पण जाळीच्या पॅडची उसळी खऱ्या स्नेअरपेक्षा जास्त असते. फक्त त्यावर शिकलेला हात फ्लोअर टॉमपाशी येऊन अडखळतो, कारण तिथलं कातडं सैल आणि उसळी कमी. तिथे स्टिक मनगटाने उचलावी लागते. म्हणून अधूनमधून उशीवरही वाजवावं. उशी काहीच परत देत नाही, त्यामुळे मनगट किती काम करतं ते लगेच कळतं. रोज उशीवरच वाजवू नये, नाहीतर बोटं उसळी विसरतात.

पुढच्या धड्यांत पहिले काही आठवडे सेट नाही. एक पॅड, एक आरसा आणि मेट्रोनोम एवढंच लागेल. बसायची उंची अशी की मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील. कोपरं शरीरालगत सहज लोंबतील, चिकटवलेली नाहीत आणि फाकवलेलीही नाहीत. आरसा समोर नको, बाजूला ठेवावा, म्हणजे दोन्ही टिपा सारख्याच उंचीवर जातात का ते दिसतं. डावा हात आधी वाजेल आणि उजवा त्याची नक्कल करेल, असा क्रम मुद्दाम ठेवला आहे. डावखुऱ्यांनी तो उलटा धरावा. दुबळा हात नेहमी दुसऱ्याच्या मागे ठेवला की तो दुबळाच राहतो, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला येतो. मेट्रोनोम मिनिटाला ६० वर लावून सुरुवात करायची आणि हात भरून यायला लागला की, ओळ कितीही थोडी उरली असली तरी, तिथेच थांबून स्टिक्स खाली ठेवायच्या, पंजे झटकायचे आणि चिमटीची रेघ तपासून पुन्हा पहिल्या ठोक्यापासून सुरू करायचं.